थांबायच्या वेळचा जोर

गंगावेशीत रात्री साडेदहाला
म्हशी उभ्या असतात रस्त्याच्या कडेला
आणि माणसं पेले धरून त्यांच्याभोवती.
आप्पा दोन घेतात, फेसाळ, कोमट,
एक माझ्या हातात देतात
आणि अकरा महिन्यांनंतरचा पहिलाच प्रश्न:
"उतरतोस कसा रं?"

मी कठड्यावर बोटानं दुधाची रेघ ओढतो.
हे जहाज. इथं तीन तारा, आडव्या.
विमानाच्या शेपटाखाली आकडा,
विहिरीत पडलेली कळशी काढायच्या गळासारखा.
एक तार त्यात अडकली पाहिजे.
"आन् न्हाई अडकली तर?"

म्हणून तर, आप्पा,
चाकं टेकली रे टेकली
की थ्रॉटल पूर्ण पुढं.
थांबायच्या नेमक्या त्या क्षणाला
निघून जायचा सगळा जोर लावायचा.
तार मिळाली तर ती धरते.
न मिळाली तर डेक संपतो
आणि त्याच जोरावर परत आभाळात.

आप्पांचा पेला ओठाशीच थांबतो.
चाळीस वर्षं उद्यमनगरात, लेथवर,
शाफ्ट, बुश, गुऱ्हाळाच्या चरकाचे रोलर;
डाव्या हाताची करंगळी अर्धीच,
एकदा घाई केल्याची पावती.
"आमच्यात," ते म्हणतात,
"चक पुरता थांबल्याबिगर
जॉबला बोट लावत न्हाईत."

रात्रीचं मी सांगत नाही.
चंद्र नसला की समुद्र आणि आभाळ
एकाच दौतीत बुडवलेले,
जहाज म्हणजे पाच-सहा ठिपके,
रंकाळ्याच्या पलीकडच्या काठाला
कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या दिसाव्यात तसे.
फक्त इथं काठ हलतो.
कानात कुरियनचा आवाज,
कंटाळलेला वाटावा इतका शांत:
थोडा जोर. थोडा. बस.
तेव्हा हात थरथरत नाहीत, गुडघे थरथरतात.
गुडघ्यांचं कुणालाच ठाऊक नाही.

बासुमतारीचंही सांगत नाही.
मार्चमध्ये तो माझ्यामागून उडाला.
मी उतरलो. तो यायचा होता.
डेक मोकळा ठेवला त्याच्यासाठी,
त्याचं इंधन संपायची वेळ झाली तरी,
त्यानंतरही तासभर.
कुणी हुकूम दिला नव्हता.
कुणी एक पानासुद्धा हलवला नाही.
मेसमध्ये त्याचा मग अजून खुंटीला आहे,
दर रविवारी कुणीतरी विसळून परत टांगतं.

एवढंच सांगतो की जेवण चांगलं असतं,
रस्सा मात्र कुणाला जमत नाही.
आप्पा हसतात. माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत
पण हसतात.

आणि घरी?
दुपारी दारात पाय टेकवला
तेव्हाच आत काहीतरी पूर्ण पुढं सरकलं होतं.
बूट काढताना परतीचं तिकीट आठवत होतो.
ओवीनं गळ्याला मिठी मारली, कानात विचारलं,
किती दिवस?
मी आकडा सांगितला, लगेच, अचूक.
रेवती ताट वाढत होती, वर न बघता म्हणाली,
तू येतोस ना, तेव्हाच उडालेला असतोस.
बॅगेची चेन अजून अर्धीच उघडी आहे.

दूधवाला बादली आवळतो. म्हैस शेपूट झाडते.
कठड्यावरचं माझं जहाज वाळत चाललंय,
तारा तेवढ्या दिसतात.
आप्पा त्यांच्यावरून अर्धी करंगळी फिरवतात,
गुळगुळीत आहे का पाहावं तशी.
"ह्या तारा बदलता का कधी?"
बदलतो की. शंभरेकदा विमान धरलं
की काढून टाकतात, तुटलेली नसली तरी.

"हां," म्हणतात,
आणि गार झालेलं दूध एका दमात संपवतात.
"तार बी झिजती, लेका.
दिसत न्हाई. पर झिजती."

स्कूटर तिसऱ्या किकला सुरू होते.
मी मागं बसतो.
दोन्ही हात कुठं ठेवावेत कळत नाही,
मग त्यांच्या खांद्यांवर ठेवतो.